एका गुणाच्या फरकाने

प्रथमेश समाधान जवकार हा बुलढाण्याचा कम्पाउंड तिरंदाज. मे २०२३ मध्ये शांघाय येथे झालेल्या विश्वचषकाच्या दुसऱ्या टप्प्यात, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले. अंतिम लढतीत समोर होता नेदरलँड्सचा माइक श्लोएसर. त्या वेळी जागतिक क्रमवारीत पहिला, माजी विश्वविजेता, आणि २०१५ मध्ये फ्रान्समधील नीम येथे इनडोअर स्पर्धेत ६० बाणांत ६०० पैकी ६०० गुण घेणारा जगातील पहिला तिरंदाज. या खेळातले लोक त्याला ‘मिस्टर परफेक्ट’ म्हणतात. लढतीचा निकाल १४९-१४८. पंधरा बाणांत जवकारचा केवळ एक गुण गेला, श्लोएसरचे दोन गेले.

ऑलिम्पिकमध्ये दिसते ती रिकर्व्ह तिरंदाजी. तिच्यात लक्ष्य ७० मीटरवर असते आणि लढत सेटमध्ये मोजली जाते. एक सेट वाईट गेला तरी पुढच्यात भरपाई होते. कम्पाउंडमध्ये अशी सवलत नाही. अंतर ५० मीटर, दहा गुणांचे वर्तुळ अवघे ८ सेंटिमीटर व्यासाचे, तीन-तीन बाणांच्या पाच फेऱ्या आणि गुणांची सरळ बेरीज. आळीपाळीने बाण सोडायचा आणि प्रत्येक बाणाला २० सेकंद. पहिल्याच फेरीत नऊ लागला तर तो शेवटपर्यंत खात्यावर राहतो. वरच्या पातळीवर दोन्ही खेळाडू जवळजवळ प्रत्येक बाण दहात मारतात, त्यामुळे लढत जिंकण्यापेक्षा न हरण्याची होते. ‘यंत्राचे धनुष्य, त्यात कसब ते काय’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी हे गुणफलक एकदा शांतपणे वाचावेत.

यंत्र आहे हे मात्र खरे, आणि त्याची जन्मकथा या खेळाच्या कोणत्याही विजेत्याच्या कथेइतकीच वाचनीय आहे. अमेरिकेतील मिसूरी राज्यात बिलिंग्ज या छोट्या गावी होलिस विल्बर ॲलन हा शिकारीचा नाद असलेला, हाताने खटपट करणारा गृहस्थ राहत होता. प्रत्यंचेचा आवाज कानी पडताच हरीण दचकून बाजूला होई आणि बाण वाया जाई. बाण अधिक वेगाने जायला हवा, एवढीच त्याची गरज. त्याने साध्या रिकर्व्ह धनुष्याची टोके कापली आणि तिथे कप्प्या बसवल्या. मधोमध आस असलेल्या गोल कप्प्यांनी विशेष काही साधले नाही. मग त्याने आस केंद्रातून बाजूला सरकवला, आणि सगळा चमत्कार त्या सरकवण्यात होता. धनुष्य ओढताना वजन आधी वाढते, एका टप्प्यानंतर एकदम उतरते. आजच्या धनुष्यांत पूर्ण ताणलेल्या स्थितीत हातावर मूळ ताकदीचा तिसरा-चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी भार उरतो. तेवढा भार धरून नेम स्थिर करता येतो.

ॲलनने जून १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि डिसेंबर १९६९ मध्ये त्याला पेटंट मिळाले. अमेरिकी पेटंट क्रमांक ३४८६४९५. कॅलिफोर्नियातील धनुष्यकार टॉम जेनिंग्ज याने हे धनुष्य प्रथम बाजारात आणले. ॲलन १९७९ मध्ये मोटार अपघातात वारला. त्याचे धनुष्य जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत आले ते १९९५ मध्ये, जकार्ताला. आशियाई खेळांत २०१४ मध्ये, इंचॉनला. ऑलिम्पिकचे दार मात्र बंदच होते. भारताला आशियाई सुवर्ण देणारा पहिला कम्पाउंड संघ (रजत चौहान, संदीप कुमार आणि अभिषेक वर्मा) इंचॉनचाच, आणि यांपैकी वर्मा पुढे जवकारचा संघसोबती झाला.

बुलढाणा हे अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले जिल्ह्याचे ठिकाण. जिल्हा माहीत असतो तो लोणार, शेगाव आणि सिंदखेडराजासाठी. तिथे जवकारला घडवले पोलीस दलात नोकरी करणारे प्रशिक्षक चंद्रकांत इलग यांनी. शालेय स्पर्धांतला ‘इंडियन राउंड’ बांबूच्या धनुष्यावर होतो. त्याचा खर्च बेताचा. कम्पाउंडचे तसे नाही. धनुष्य, बाण, भिंगाचा स्कोप, प्रत्यंचेतली पीप साइट, बाण सोडायचे रिलीज असा सगळा संच आयात करावा लागतो आणि त्याची किंमत लाखांच्या घरात जाते. जिल्ह्याच्या ठिकाणी हा खेळ रुजतो तेव्हा कौतुक गुणवत्तेइतकेच हा पैसा उभा करणाऱ्यांचेही करायला हवे. इलग यांची शिकवणी एका खेळाडूवर थांबलेली नाही: २०२५ मध्ये कॅनडातील विनिपेगला झालेल्या जागतिक युवा स्पर्धेत २१ वर्षांखालील भारतीय कम्पाउंड संघाने सुवर्ण जिंकले, त्यातला मिहीर अपार हाही बुलढाण्याचाच.

शांघायनंतर चार महिन्यांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, मेक्सिकोतील हर्मोसियो येथे विश्वचषकाची अंतिम स्पर्धा झाली. वर्षभरातून निवडलेले आठच तिरंदाज त्यात उतरतात. उपांत्य फेरीत जवकारसमोर पुन्हा श्लोएसर. या वेळी जवकारने १५० पैकी १५० गुण घेतले आणि सामना १५०-१४९ असा जिंकला. दोन सामन्यांची बेरीज मांडली तर चित्र असे: तीस बाण, जवकारचे २९९, श्लोएसरचे २९७. जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूने तीनशेपैकी तीनच गुण गमावले आणि तरी दोन्ही सामने हरला. श्लोएसरने काही चूक केली असे म्हणणे अवघड आहे.

अंतिम सामन्यात डेन्मार्कचा मथियास फुलर्टन होता. पंधरा बाण संपले तेव्हा १४८-१४८. मग शूट-ऑफ: एकेक बाण, दोघांचाही दहा. अशा वेळी केंद्राच्या जवळ कोणाचा बाण ते मोजतात. फुलर्टनचा जवळ निघाला आणि जवकारला रौप्य मिळाले. गुणफलकावर दोघे अखेरपर्यंत बरोबरीतच आहेत; फरक फक्त फुलर्टनच्या दहापुढे लावलेल्या ताऱ्याचा.

पुढच्याच महिन्यात हांगझोऊच्या आशियाई खेळांतली तिरंदाजी. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी अभिषेक वर्मा, नागपूरचा ओजस देवतळे आणि जवकार यांनी दक्षिण कोरियाला २३५-२३० असे हरवून सांघिक सुवर्ण घेतले. कम्पाउंडची पाचही सुवर्णपदके त्या वेळी भारताकडे आली. वैयक्तिक बाद फेरीत मात्र जवकार नव्हता. नियमानुसार एका देशाच्या दोघांनाच पुढे जाता येते, आणि ती दोन नावे देवतळे व वर्मा यांची होती. त्याच दोघांत अंतिम लढत झाली आणि देवतळे १४९-१४७ ने जिंकला. त्याआधी ऑगस्टमध्ये बर्लिनला देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी विश्वविजेते झाले होते. त्या वर्षीचे अर्जुन पुरस्कार या दोघांना मिळाले. एकाच मोसमात, एकाच राज्यातून इतके जण वर आले की विश्वचषकाचे सुवर्ण जिंकणाराही बातमीच्या दुसऱ्या परिच्छेदात गेला.

भारतीय संघातली जागा टिकवणे हीच कम्पाउंडमधली सर्वांत कठीण स्पर्धा आहे. २०२५ मध्ये ग्वांगजूला भारताने प्रथमच पुरुषांचे सांघिक विश्वविजेतेपद मिळवले. संघात ऋषभ यादव, अमन सैनी आणि प्रथमेश फुगे होते. (नावसारखेपणाने घोटाळा होऊ नये: फुगे वेगळा, जवकार वेगळा.) हांगझोऊच्या सुवर्णविजेत्या त्रिकुटातला एकही जण त्या संघात नव्हता. अमेरिकेतला व्यावसायिक गोल्फपटू जिंकला नाही तरी वर्षभर स्पर्धा खेळून, बक्षिसाच्या रकमेतला वाटा घेऊन कारकीर्द चालवू शकतो. तिरंदाजाला तेवढी सोय नाही. त्याचे वर्ष निवड चाचणीवर अवलंबून असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीत झालेली पहिली तिरंदाजी प्रीमियर लीग, जिच्यात रिकर्व्हबरोबर कम्पाउंडलाही जागा होती, हा त्यावरचा पहिला बरा उपाय दिसतो.

एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०२८ च्या लॉस एंजेलिस खेळांत कम्पाउंडला प्रवेश दिला. ॲलनच्या पेटंटनंतर साठ वर्षे होत आली तेव्हा, त्याच्याच देशात. प्रवेश मिळाला तोही कंजूषपणे: फक्त मिश्र सांघिक प्रकार, म्हणजे प्रत्येक देशाचा एक पुरुष आणि एक महिला. वैयक्तिक लढत नाही, पुरुषांचा संघ नाही. जवकारची सर्वांत मोठी कामगिरी एकट्याने खेळलेल्या लढतींतली आहे, आणि त्या प्रकाराला अजून ऑलिम्पिकमध्ये स्थान नाही. भारतासाठी पुरुषांची जागा एकच असेल आणि तिच्यासाठी वर्मा, देवतळे, यादव, सैनी, फुगे आणि जवकार यांच्यासह पुढच्या पिढीतला अपारही त्याच रांगेत उभा राहू शकेल.