बाहीखालचा चट्टा

‘‘भाजलं कधी?’’

‘‘कळलंच नाही, मॅडम. फोड आल्यावर मंडळींनी दाखवला.’’

गृहस्थ पोहे-चहाची गाडी चालवणारे, पन्नाशीच्या आतले. डावी करंगळी चांगलीच भाजलेली, आणि त्यांना पत्ता नाही. शिवाय भर मे महिन्यात, दिवसभर शेगडीपाशी उभा राहणारा माणूस पूर्ण बाह्यांच्या शर्टात. मी बाही वर करायला सांगितली. त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, ‘‘दार लोटून घेऊ?’’

कोपराखाली बशीएवढा फिकट, किंचित लालसर चट्टा होता. मी त्यांना डोळे मिटायला लावले. कापसाचं टोक जिथे टेकेल तिथे बोट ठेवायचं, एवढंच सांगितलं. चट्ट्याबाहेर बोट अचूक पडत होतं. चट्ट्यावर कापूस टेकवला, तर ते नुसतेच वाट पाहत बसले.

कोपराजवळची शीर हाताला जाड लागली. हा कुष्ठरोग होता.

चट्टा दोन वर्षांपूर्वीचा. आधी मेडिकलमधून नायट्याचं मलम आणलं, मग लांब बाह्यांचे शर्ट शिवले. मुलीसाठी स्थळं बघत होते. मनात शंका होतीच. पण डॉक्टरने नाव घेतलं की ते खरं होणार, अशी भीती. त्यांना भित्रा म्हणणं सोपं आहे. पण 2019 पर्यंत आपल्या विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं. आणि खरं सांगायचं तर वर्षभरापूर्वी ते माझ्याच ओपीडीत रक्तदाबासाठी येऊन गेले होते. पट्टा मी उजव्या हाताला बांधला होता. डावी बाही वर करायला सांगितली नाही.

अंगावरचा प्रत्येक डाग असा नसतो. शिबं, गजकर्ण, कोड हेच जास्त दिसतात. गजकर्ण खाजतं, कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो. कुष्ठाचा चट्टा बहुधा खाजत नाही, दुखत नाही. तिथली जाणीव कमी होते, घाम येत नाही, केस विरळ होतात. दुखत नाही म्हणूनच तो अंगावर काढला जातो. जंतू मात्र कातडीखालच्या नसांमध्ये आपलं काम करत राहतात.

शिवल्याने हा रोग होत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ, निकट सहवासात तो पसरू शकतो. तरी बहुतेकांची प्रतिकारशक्ती त्याला पुरून उरते. बहुविध औषधोपचार 1980 च्या दशकापासून आहे, सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतो. चट्टे पाचपर्यंत असतील तर सहसा 6 महिने, जास्त असतील तर 12. औषध सुरू झालं की थोड्याच काळात संसर्गाचा धोका राहत नाही.

नसेचं गणित वेगळं आहे. बधिरपणा किंवा अशक्तपणा येऊन सहा महिन्यांच्या आत स्टेरॉइडचा उपचार सुरू झाला, तर गेलेली शक्ती परत येण्याची आशा बरीच असते. नंतर ती घटत जाते.

या गृहस्थांचा 6 महिन्यांचा कोर्स पूर्ण झाला. पत्नी आणि मुलांची तपासणी करून त्यांना प्रतिबंधक गोळीचा एकेक डोस दिला. चट्टा आता शोधावा लागतो. करंगळी मात्र थोडी वाकडीच राहिली. कढई ते जाड फडक्याने धरतात, आणि रोज रात्री मुलगी त्यांच्या हातावर भाजल्याची खूण कुठे आहे का, ते बघते.