'उलाळ' : ओढगाडीच्या तोलासंबंधी एक टिपण

बैलगाडीच्या परिभाषेत 'उलाळ' असे एक विशेषण आहे. दोन चाकांच्या गाडीत आसाच्या मागे भार अधिक झाला, की धुरा वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते आणि गळ्याखालचा पट्टा आवळतो. अशा गाडीस उलाळ म्हणतात. गाडीवान हा दोष भरतानाच टाळतो. शिवाय वाटेत चढ लागला की पुढे सरकून धुरेवर बसतो आणि उतारावर मागे सरतो. स्वतःच्या देहाचे वजन तो तराजूतील मापासारखे वापरतो, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रवासी मोटारीमागे जोडण्याचा ट्रेलर ही रचनेच्या दृष्टीने बैलगाडीच होय. आस तोच, धुरेच्या ठिकाणी लोखंडी दांडा आणि जुवाच्या ठिकाणी मोटारीच्या पाठीमागचा हूक. तथापि एक भेद महत्त्वाचा आहे. बैलास उलाळ गाडी तत्काळ जाणवते व तो अडून बसतो. मोटार अडत नाही. गावातल्या रस्त्यावर, मंद गतीने, उलाळ ट्रेलर निमूटपणे मागे येतो. त्याचा दोष प्रकट होतो तो महामार्गावर, वेग वाढल्यानंतर. आणि तेव्हा सावरण्यास फारच थोडा अवधी उरतो.

१९८८च्या मोटार वाहन अधिनियमातील व्याख्या येथे पाहण्यासारखी आहे. मोटार वाहनाने ओढलेले किंवा ओढण्यासाठी योजिलेले वाहन तो ट्रेलर. ज्याचा काही भाग ओढणाऱ्या वाहनावर टेकतो व ज्याचे काही वजन ते वाहन पेलते तो अर्ध-ट्रेलर. वजनाचा उल्लेख दुसऱ्या व्याख्येतच असल्यामुळे, पहिल्या प्रकारात ओढणाऱ्यावर भार पडतच नाही, असा वाचकाचा समज होणे शक्य आहे. दोनचाकी ट्रेलरच्या बाबतीत तो समज घातक ठरेल. हुकावर भार पडला पाहिजे, किंबहुना तो हेतुपुरस्सर ठेवावा लागतो. अमेरिकेत एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर असावा असा सर्वसाधारण संकेत आहे. युरोपात तो याहून कमी धरतात.

हे अंतर किती अल्प असते ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. भरलेल्या ट्रेलरचे वजन ५०० किलो आणि हुकापासून आसापर्यंतचे अंतर अडीच मीटर आहे असे समजू. भाराचा गुरुत्वमध्य आसाच्या पुढे २५ सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर असेल, तर हुकावर ५० किलो भार येतो. हे दहा टक्के झाले. तोच मध्य वीतभर मागे गेला तर हुकावरील भार शून्य होतो, आणि आणखी चार बोटे सरकला की गाडी उलाळ. एखादा जड पेटारा पुढे ठेवावा की मागे, एवढ्यावरच हे अवलंबून आहे. घरगुती वजनकाट्यावर हुकाच्याच उंचीस दांड्याचे टोक टेकवून हा भार मोजता येतो. अमेरिकेत घर बदलताना अनेक मराठी कुटुंबेही भाड्याचा ट्रेलर मोटारीस जोडतात. तेथील यू-हॉल ही कंपनी साठ टक्के भार पुढच्या अर्ध्या भागात ठेवण्यास व ताशी ५५ मैलांची मर्यादा पाळण्यास सांगते, त्यामागील कारण हेच.

हुकावरचा भार अतिरिक्त झाला तरीही चालत नाही. मोटारीचे मागचे अंग दबते, पुढच्या चाकांची पकड सैल होते आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

आता मुख्य संकटाकडे वळू. वाऱ्याचा झोत, खड्डा किंवा शेजारून गेलेला मालट्रक यांमुळे ट्रेलर बाजूस ढकलला जातो. मंद गतीत त्याची चाके त्यास पुन्हा सरळ आणतात. गती वाढत जाते तसा हा आवर दुर्बल होत जातो, आणि एका विशिष्ट वेगापलीकडे प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होऊ लागतो. भार मागे असेल तर तो वेग कमी असतो, एवढाच उलाळपणाचा यंत्रशास्त्रीय अर्थ. अशा वेळी चालकाची सहजप्रवृत्ती दुहेरी चूक करते : तो जोराने ब्रेक दाबतो आणि हेलकाव्याच्या उलट दिशेस चक्र फिरवितो. योग्य कृती म्हणजे चक्र सरळ धरून वेग आपोआप उतरू देणे. ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असल्यास तेवढाच लावावा. वेग वाढवून ट्रेलर 'ताणून' सरळ करण्याचा सल्ला कधीकधी दिला जातो. तो सर्वस्वी त्याज्य आहे.

कोल्हापुरात मोटारीमागे ट्रेलर क्वचितच दिसतो. ट्रॅक्टरमागे मात्र गळीत हंगामात, कुडित्रे, बिद्री वा कसबा बावड्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर, तो सर्वत्र असतो. बऱ्याचदा एकामागे एक असे दोन. चारचाकी ट्रॉलीस वरील गणित जसेच्या तसे लागू पडत नाही, कारण तिचा भार तिच्याच दोन आसांवर असतो. परंतु टायरच्या दोनचाकी गाड्या ट्रॅक्टरला जोडल्या जातात तेव्हा जुना शब्द पुन्हा अक्षरशः खरा होतो. तेथे वेग कमी असल्याने हेलकाव्यांचे भय थोडे. भय असते ते पिन निसटण्याचे, उतारावर मागचा भार रेटत येण्याचे, आणि बाहेर लोंबणाऱ्या उसाआड मागचे दिवे व परावर्तक झाकले जाण्याचे. पिनेस अडकण असावी आणि हुकाखालून फुलीच्या आकारात दोन साखळ्या बांधाव्यात, म्हणजे पिन निघाली तरी दांडा रस्त्यात न रुतता साखळ्यांवर तोलला जातो.

शब्दांविषयी थोडेसे. 'जू' हे संस्कृत 'युग' यापासून आले. 'धुरीण' व 'धुरंधर' यांच्या मुळाशी धुर् म्हणजे जू किंवा त्यावरचा भारच आहे. 'ट्रॅक्टर' लॅटिनमधील 'ओढणे' या अर्थाच्या धातूपासून निघाला आणि 'ट्रेलर'ही बहुधा त्याच कुळातला. 'ट्रेलर'साठी 'अनुयान' यासारखा शब्द घडविता येईल. पण त्याने चालकाचे काही अडलेले नाही. सूचना इंग्रजीत छापलेल्या असतात, आणि हुकावरील भाराची टक्केवारी सांगणारे वाक्य वाचून कोणी भरलेला माल हलविणार नाही. दांड्यावर रंगाने 'उलाळ भरू नये' एवढे लिहिले, तर बैलगाडी पाहिलेल्या माणसास ते समजावून सांगावे लागणार नाही. बैलगाडी न पाहिलेल्या पिढीसाठी या शब्दाचा अर्थ कोशात, आकृतीसह, द्यावा लागेल.