घरापासून घरापर्यंतचा हिशेब

टूर कंपनीशिवाय स्वतः आखलेल्या परदेश सहलीचे अंदाजपत्रक तीन गोष्टींवर उभे राहते: माणसे किती, दिवस किती आणि घराला कुलूप लावल्यापासून ते उघडेपर्यंत वाहने किती वेळा बदलायची. विमानाचे भाडे आणि हॉटेलचे दर त्यानंतर येतात. छत्रपती संभाजीनगरहून निघणाऱ्यांसाठी यातली तिसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. चिकलठाणा विमानतळावरून मुंबई, दिल्ली, हैदराबादला विमाने जातात, पण बँकॉक, कोलंबो किंवा सिंगापूरला थेट नियमित सेवा नाही. त्यामुळे इथल्या कुटुंबाची परदेश सहल मुंबईच्या टर्मिनलवर सुरू होत नाही. ती सिडको, गारखेडा किंवा उस्मानपुऱ्यातल्या घरासमोर रिक्षा येऊन थांबते तिथे सुरू होते, आणि हिशेबही तिथूनच मांडावा लागतो.

मुंबईपर्यंतचा हा टप्पा बहुतेक अंदाजपत्रकांत एका ओळीत उरकला जातो, आणि पैसे सुटतात ते इथेच. रात्रीची देवगिरी एक्सप्रेस, दिवसाची तपोवन, वंदे भारत, खासगी स्लीपर बस असे पर्याय आहेत. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा भाग खुला झाल्यापासून समृद्धी महामार्गही थेट मुंबईच्या वेशीपर्यंत नेतो. अडचण वेगळीच आहे. स्वस्तात मिळावे म्हणून विमानाचे तिकीट तीन-चार महिने आधी काढलेले असते. रेल्वेचे आरक्षण मात्र नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधीच उघडते. तोवर गाडी मिळेल की वेटिंग लागेल हे कळायला मार्ग नसतो. म्हणून वहीत रेल्वेचे भाडे न धरता बसचे किंवा भाड्याच्या गाडीचे धरावे. बर्थ कन्फर्म झाला तर तेवढे पैसे वाचतात. स्वतःची गाडी नेणाऱ्याने डिझेल आणि टोल यांच्या शेजारी आठ-नऊ दिवसांच्या पार्किंगचा आकडाही लिहावा. तो पाहिल्यावर बहुतेक जण बेत बदलतात.

चिकलठाण्याहून विमानाने मुंबई आणि त्याच दिवशी पुढचे आंतरराष्ट्रीय विमान, हा बेत वेळ वाचवतो, पण त्यात एक धोका आहे. दोन्ही तिकिटे वेगवेगळी काढलेली असतील तर पहिल्या विमानाला उशीर झाल्यास दुसऱ्या विमान कंपनीवर कसलीही जबाबदारी येत नाही. तिकीट बुडते. दोन विमानांमध्ये सहा तासांचे अंतर ठेवले तर जेवणखाण वाढते, पण त्या विम्यापुढे तो खर्च किरकोळ आहे. परतीचेही तसेच. पूर्वेकडून येणारी बरीच विमाने मुंबईत रात्री उशिरा उतरतात. बॅगा हाती येईपर्यंत तासभर जातो आणि गावाकडची गाडी निघायला अजून बराच अवकाश असतो. त्या वेळेची खोली किंवा टॅक्सी आधीच वहीत हवी. मुंबई हा एकच दरवाजा नाही हेही लक्षात असावे. हैदराबादला रात्रीच्या गाडीने जाता येते, आणि काही तारखांना तिथून निघणारी विमाने स्वस्त पडतात.

यानंतर देश आणि तारखा. मराठी घरांचे कॅलेंडर शाळा ठरवते, म्हणजे दिवाळी आणि मे. या दोन्ही वेळी भाडी चढलेली असतात आणि शिवाय समोरच्या देशाचे कॅलेंडर आडवे येते. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानमध्ये गोल्डन वीक असतो. सारा देश प्रवासाला निघतो आणि खोल्यांचे दर भडकतात. व्हिएतनाममध्ये तेत या नववर्षाच्या सणात दुकाने दिवसेंदिवस बंद राहतात. श्रीलंकेत मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोलंबो आणि दक्षिण किनाऱ्यावर असतो, त्याच काळात पूर्व किनारा कोरडा असतो. ज्याला शाळेचे बंधन नाही त्याने जुलै-ऑगस्टचा थायलंड जरूर विचारात घ्यावा. पाऊस सहसा दुपारनंतर येऊन ओसरतो, आणि खोल्या बऱ्याच स्वस्त मिळतात.

प्रवेशाचा खर्च देशागणिक बदलतो. सर्वांत स्वस्त नेपाळ: भारतीयांना व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रावर प्रवेश मिळतो आणि १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर बांधलेला असल्याने विनिमयाची चिंता नाही. मनमाडहून गोरखपूरची गाडी धरून सुनौलीच्या सीमेवरून जाणारे कमी खर्चात काठमांडू गाठतात. भूतानलाही व्हिसा नाही, पण तिथे भारतीय पर्यटकाला दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. चौघांच्या पाच रात्रींचे तेच २४,००० रुपये होतात. व्हिएतनामचा एकेरी प्रवेशाचा ई-व्हिसा २५ डॉलरचा आहे. बालीत ऑन-अरायव्हल व्हिसाचे ५ लाख इंडोनेशियन रुपिया आणि फेब्रुवारी २०२४ पासून पर्यटक शुल्काचे आणखी दीड लाख रुपिया द्यावे लागतात. मलेशियाने डिसेंबर २०२३ मध्ये आणि थायलंडने त्याच्या महिनाभर आधी भारतीयांना व्हिसामाफी दिली. अशा सवलतींच्या मुदती आणि अटी बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर नियम पुन्हा वाचणे हा या कामाचाच भाग समजावा. थायलंडचे डिजिटल आगमन पत्र मे २०२५ पासून सक्तीचे आहे आणि ते मोफत भरता येते. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नसतात. पासपोर्टच नसेल तर ३६ पानी पुस्तिकेचे १,५०० रुपये लागतात. ते दहा वर्षे चालते, तेव्हा एका सहलीवर त्याचा पूर्ण भार टाकू नये.

आता प्रत्यक्ष पान. नवरा-बायको, नऊ दिवस, आठ रात्री, बँकॉक, अयुथया आणि चियांग माई, असा एक नमुना घेऊ. आकडे मध्यम राहणीचे आणि अंदाजाचे आहेत. पानाला दोन रकाने असतात, डावीकडे रुपये आणि उजवीकडे बाट. डावीकडे मुंबईची जा-ये आणि टॅक्सी ६,००० रुपये, बॅगेसह विमानाची दोन परतीची तिकिटे ४४,०००, प्रवास विमा आणि सिमकार्ड ४,०००. एकूण ५४,०००. उजवीकडे खोली रात्रीला १,२०० बाट. पण आठ रात्रींपैकी दोन बँकॉक ते चियांग माई आणि परतीच्या रात्रगाडीत जातात. वातानुकूलित दुसऱ्या वर्गाचा बर्थ १,००० बाटच्या आसपास पडतो, म्हणजे दोघांच्या जाण्या-येण्याला ४,००० बाट, आणि हॉटेलच्या दोन रात्री वाचतात. सहा रात्रींचे ७,२०० बाट. जेवणखाण दोघांचे दिवसाला १,००० धरून ९,०००. स्थानिक फिरणे दिवसाला ३०० प्रमाणे २,७००. प्रवेशशुल्क ३,०००. उजवा रकाना २५,९०० बाटवर थांबतो.

इथे अनुभवी माणूस एक गोष्ट करतो. बाटचा भाव पावणेतीन रुपयांच्या आसपास असला तरी वहीत तो तीन धरतो. २५,९०० चे ७७,७०० रुपये होतात, पावणेतीनने मात्र ७१,२२५. मधले साडेसहा हजार रुपये बँकेचे शुल्क, भावातली चढउतार आणि सुट्या पैशांची गळती झेलतात. डाव्या रकान्याशी मिळवून १,३१,७००, त्यावर दहा टक्के आकस्मिक खर्चाचे, म्हणजे सुमारे १,४५,००० रुपये. खरेदी यात नाही. खरेदीचा आकडा त्याच पानावर आला की तो जेवणातून कापला जातो, म्हणून त्याला वेगळे पान द्यावे.

प्रवेशशुल्काचा रकाना संभाजीनगरकराला लगेच कळतो, कारण परदेशी पाहुण्याला वेगळा दर ही पद्धत त्याने वेरूळला पाहिलेली असते. तिथे भारतीयाला ४० रुपये आणि परदेशी पर्यटकाला ६०० रुपये तिकीट आहे. सार्क आणि बिमस्टेक देशांच्या नागरिकांना मात्र भारतीयांचाच दर लागतो, म्हणजे थायलंडहून लेणी पाहायला आलेला भिक्खू ४० रुपयांत आत जातो. बँकॉकच्या राजवाड्यात अशी परतफेड नाही. थाई नागरिकाला प्रवेश मोफत, भारतीयाला ५०० बाट. जवळच वाट फो ३०० आणि नदीपलीकडे वाट अरुण २००. तीन ठिकाणांचे दोघांचे २,००० बाट एका दिवसात जातात. कंबोडियातल्या अंगकोरचा एक दिवसाचा पास ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२ आणि सात दिवसांचा ७२ डॉलर आहे. लेणी निवांत पाहण्याची सवय असलेल्या माणसाने तिथे एका दिवसाचा पास घेऊ नये. तीन दिवसांच्या पासात दिवसाचा दर निम्म्याच्या जवळ येतो आणि पाय दुखून संध्याकाळी शिल्पांकडे पाठ फिरवावी लागत नाही.

शहरातली वाहतूक स्वस्त असते, फक्त ती माहीत हवी. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावरून फाया थाई स्थानकापर्यंतची रेल्वे ४५ बाटची. टॅक्सीला त्याच्या कित्येक पट लागतात, पण तिघे-चौघे आणि मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सीच परवडते. अयुथयाला जाणाऱ्या साध्या गाडीच्या तिसऱ्या वर्गाचे तिकीट चहाच्या भावात मिळते. जुन्या माहितीवर मात्र विसंबू नये. जपानच्या रेल्वेचा सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. त्याआधीच्या सहलीची वही जशीच्या तशी उतरवून घेणाऱ्याचा हिशेब पहिल्याच दिवशी कोलमडतो.

जेवणाचा आकडा घराच्या ताटावर अवलंबून असतो. मांसाहारी माणूस रस्त्यावरच्या गाड्यांवर ६०-८० बाटमध्ये पोट भरतो. शाकाहारी कुटुंब दोन्ही वेळा भारतीय हॉटेल शोधू लागले की हाच खर्च तिप्पट होतो. मधला मार्ग आहे. थायलंडमध्ये पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ असे थाई लिपीत लिहिलेल्या ठिकाणी मांस, मासे, अंडी नसतात. कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांची सोय होते. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट असले तर सकाळचा खर्च जवळपास संपतो. मात्र स्वस्त विमानात हातातल्या बॅगेला सहसा सात किलोची मर्यादा असते आणि काउंटरवर वाढीव वजनाचा दर जबर असतो. चटणीचा डबा, छत्री, औषधे, चार्जर हे सगळे घरच्या वजनकाट्यावर आधीच तोलावे. सिंगापूरला जाताना मसाल्यात खसखस नाही ना, हेही पाहावे, कारण तिथे ती निषिद्ध आहे.

पैसे कसे न्यायचे हा यापुढचा भाग, आणि त्यात नुकसान नकळत होते. बऱ्याच भारतीय बँका परदेशात वापरलेल्या कार्डावर साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतात, म्हणजे चार टक्क्यांहून थोडे जास्त. फॉरेक्स कार्ड किंवा मार्कअप नसलेले कार्ड असेल तर हे वाचते. एटीएमचे गणित अजून स्पष्ट आहे. थायलंडमधली एटीएम परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त शुल्क लावतात. २,००० बाट काढणाऱ्याचे ११ टक्के जातात, १०,००० काढणाऱ्याचे २.२ टक्के. त्यानंतर पडद्यावर एक प्रश्न येतो: रक्कम रुपयांत आकारायची की बाटमध्ये? रुपयांचा आकडा ओळखीचा असल्याने बोट तिकडे जाते, पण त्या भावात यंत्रमालकाचा नफा मिसळलेला असतो. दुकानातल्या कार्ड मशीनवरही हाच प्रश्न येतो. उत्तर दोन्हीकडे एकच, स्थानिक चलन. श्रीलंकेत फेब्रुवारी २०२४ पासून आणि नेपाळमध्ये त्याच वर्षीच्या मार्चपासून यूपीआय चालू लागले, पण ते ठरावीक दुकानांत. व्हिएतनाममध्ये शून्यांनी गोंधळ होतो. एका रुपयाला जवळपास ३०० डोंग येत असल्याने किमतीतले शेवटचे तीन शून्य पुसून तीनने भागायचे आणि दहाने गुणायचे, ही रीत हाताशी ठेवावी. ६०,००० डोंगची वाटी दोनशे रुपयांची.

रोख विदेशी नोटा एका फेरीत सामान्यतः ३,००० डॉलरच्या मोलापर्यंत नेता येतात, आणि परतीच्या टॅक्सीसाठी भारतीय चलन २५,००० रुपयांपर्यंत. कराचे कलम स्वतः आखणाऱ्याच्या बाजूचे आहे. विमान, हॉटेल आणि इतर खर्च यांपैकी किमान दोन गोष्टी एकत्र विकत घेतल्या तर ते परदेशी टूर पॅकेज ठरते आणि त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा कर, कापला जातो. फक्त तिकीट एकीकडे आणि खोली दुसरीकडे घेतली तर नाही. पर्यटनासाठी विदेशी चलन खरेदी करताना एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांच्या पुढेच टीसीएस लागतो. कापलेली रक्कम विवरणपत्र भरताना वळती होते, पण तोवर ती अडकलेली असते. ती वहीत खर्च म्हणून लिहू नये, येणे म्हणून लिहावी.

प्रवासात वही रोज रात्री भरायची असते. त्या दिवसाचा खर्च लिहून उरलेल्या बाटला उरलेल्या दिवसांनी भागले की उद्याचा आकडा मिळतो. चौथ्या रात्री तो ठरलेल्यापेक्षा खाली गेला तर एखादी टॅक्सी किंवा एखादे तिकीट कमी करता येते. शेवटच्या रात्री कळून उपयोग नसतो. परतल्यावर नाणी बदलून मिळत नाहीत, म्हणून ती तिकडच्याच विमानतळावर पाण्याच्या बाटलीत किंवा चहात संपवावीत. नोटांपैकी २,००० डॉलरच्या मोलापर्यंत पुढच्या सहलीसाठी घरी ठेवता येतात, त्यापुढचे चलन १८० दिवसांच्या आत परत करावे लागते. चलन घेतल्याची पावती, टीसीएसचे प्रमाणपत्र आणि विम्याचे कागद वहीच्या मागच्या पानाला टाचून ठेवले की विवरणपत्राच्या वेळी शोधाशोध करावी लागत नाही.