मेण न लावता

सकाळी सहा. गोव्यात हरमलला हंगामात किनारा लवकर जागा होतो, पण माझं पहिलं काम शेगडीपाशी असतं. रात्री भिजत घातलेले रिठे कुस्करायचे, बिया काढायच्या, मंद आचेवर उकळायचे आणि ते पाणी दुहेरी मलमलीतून गाळायचं. गाळण्यात हयगय चालत नाही. मोकळ्या केसांतला चोथा फणीने निघून जातो, ड्रेडमध्ये, म्हणजे केस गुंतवून केलेल्या जटेत, शिरलेला कण मात्र तिथेच राहतो. म्हणून शिकेकाईची पूड मी कुणाला थेट लावू देत नाही. दही, मध, अंडं तर अजिबात नाही. स्वयंपाकघरातलं म्हणजे नैसर्गिक आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असं समजून लोक डोक्यात काय काय भरतात! आत अडकलेलं दही नासतं, मग कितीही धुवा, वास जात नाही.

साडेआठ. आजचं मोठं काम नाशिकच्या एका मुलाचं. केस खांद्यापर्यंत, सरळ, गुळगुळीत. आल्या आल्या त्याने पिशवीतून लॉकिंग वॅक्सची डबी काढली. "ताई, सगळे म्हणाले हे लागतंच."

डबी खिडकीत ठेवली आणि त्याला नळाखाली बसवलं. रिठ्याने दोनदा धुतलं, मग उन्हात. पूर्ण वाळल्याशिवाय फणी हातात घ्यायची नाही. तेवढ्या वेळात मी प्रत्येकाला हेच समजावते. केसावर अतिशय बारीक खवले असतात, कौलांसारखे एकावर एक, उतार मुळाकडून टोकाकडे. उलटं विंचरलं की ते उचकटतात आणि एका केसाचे खवले दुसऱ्यात अडकतात. ड्रेड बनते ती या अडकण्याने. मेण, जेल, कंडिशनर या खवल्यांवर थर चढवतात, केस एकमेकांवरून घसरतात. मेणाने गुंता होत नाही, केस फक्त चिकटतात. पहिल्या दिवशी ते गोळीबंद दिसतं, म्हणून खपतं. पण मेण पाण्यात विरघळत नाही. धूळ आणि घाम धरून बसतं, आतली ओल बाहेर पडू देत नाही. स्वच्छ, कोरडे केस लवकर गुंततात ही गोष्ट डबी विकणारा कशाला सांगेल?

दहा ते दीड. आधी टाळूवर चौकोन पाडायचे, साधारण दोन-अडीच सेंटिमीटरचे. वरच्या ओळीतली फट खालच्या ओळीत सरळ उतरू द्यायची नाही, नाहीतर डोक्यावर पांढरे पट्टे दिसतात. मग एकेक पेड घेऊन धातूच्या बारीक फणीने टाळूकडे उलटं विंचरत जायचं, थोडं थोडं, घाई न करता. शेवटी क्रोशाची सुई, एक मिलिमीटरपेक्षाही बारीक. सुटे केस तिने आत ओढायचे, पण आडदांडपणे नाही, सुईने केस तुटतातही. मुळाशी रबर मी लावत नाही. मुळं दुखतील इतकं घट्ट तर कधीच बांधत नाही. सततच्या ताणाने केस मुळापासून जातात, काही वेळा कायमचे. पूर्ण डोक्याला सहा ते आठ तास लागतात. म्हणून अर्धं आज, अर्धं उद्या.

बाराच्या सुमारास त्याच्या आईचा फोन आला. त्याने तो माझ्याकडे दिला. बाईंचा आवाज कापत होता. "अहो, लोक म्हणतील घरात जट आली. देवीचं काही करावं लागेल का?"

मी हातातलं काम ठेवलं. गडहिंग्लजकडची मी. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने जट वागवणाऱ्या बाया लहानपणापासून पाहिल्या आहेत. मान अवघडलेली, उवा झालेल्या, रात्री कुशीवर नीट झोपता येत नाही, आणि कापली तर कोप होईल या धास्तीने घरात कुणी कात्री उचलत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. तिच्या कार्यकर्त्या आजही अशा बायांच्या घरी जाऊन, घरच्यांची समजूत काढून त्यांची जट सोडवतात. त्यांच्या कामाला माझ्या कामाची साक्ष आहे, असं मला मनापासून वाटतं. मी रोज हातांनी जट बनवते. केस विंचरले नाहीत, गळलेले केस तिथेच अडकून राहिले की ती आपोआपही बनते. त्यात देवीचा हात मला कधी दिसला नाही.

"काकू," मी म्हटलं, "तुमच्या मुलाला उद्या नकोशी झाली तर तो कापून टाकेल. कुणी अडवणार नाही. त्या बायांना तेवढीच मुभा नसते."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारलं, तो जेवला का?

दोन वाजता जेवण, शीतकडी.

तीन. पुण्यात शिकणारी केनियाची मुलगी आली. तिच्या केसांना ना उलटी फणी लागते, ना सुई. दाट कुरळा केस मुळातच स्वतःभोवती वळतो. दोन पेडांचा पीळ घालायचा, मुळाशी ताज्या कोरफडीच्या गराचा पातळ हात, बस्स. गर जास्त झाला तर वाळून पापुद्रे निघतात. पुढचे काही महिने तिने फक्त मुळं एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत. ही विद्या तिच्या लोकांची, हे मी विसरत नाही. 1956 मध्ये ब्रिटिशांनी त्यांच्याविरुद्धच्या केनियातल्या माउ माउ लढ्याचा नेता देदान किमाथी याला पकडलं, तेव्हाच्या छायाचित्रात त्याच्या डोक्यावर ड्रेड्स आहेत. 1930 मध्ये इथिओपियात सम्राट हैले सेलासीचा राज्याभिषेक झाल्यानंतर तिकडे जमैकात रास्ताफारी पंथ उभा राहिला आणि केस न कापणं हे त्यांचं व्रत झालं. किनाऱ्यावर आठ दिवसांची हौस म्हणून येणाऱ्यांना मी हे सांगतेच.

साडेचार. मेण भरलेलं डोकं, दुसरीकडे केलेलं. सोसवेल इतकं गरम पाणी, रिठे, पिळणं, पुन्हा पाणी. खाली तपकिरी तवंग येत राहतो. काही जणांना यासाठी खायचा सोडा हवा असतो. टाळू किंचित आम्ल, पीएच साडेपाचच्या आसपास. सोडा आठच्या वर. एखाद वेळी, नंतर पातळ व्हिनेगरने खंगाळून, ठीक. दर आठवड्याला केला तर केस ठिसूळ होतात. आजच्या दोन ड्रेड्स आतून कुजल्या होत्या, त्या कापाव्या लागल्या.

सहा. नाशिकच्या मुलाला निघताना पुढचं सांगितलं. पहिला आठवडा धुवायचं नाही, नंतर आठवड्यातून दोनदा, तेही सकाळीच. ओल्या ड्रेड्स घेऊन झोपायचं नाही, पावसाळ्यात तर पंख्याखाली बसून वाळवायच्या. समुद्रात डुंबायला हरकत नाही, खाऱ्या पाण्याने केस खरखरीत होऊन गुंततात, पण नंतर गोड्या पाण्याने मीठ काढायचं. सुरुवातीला ड्रेड्स फुगतील, आखूड होतील, सुटे केस डोकावतील. महिन्याला सेंटिमीटरभर नवा केस येईल, तो तळहातांत वळायचा. घट्ट व्हायला वर्ष लागेल.

"वर्ष?" तो म्हणाला.

"हो, वर्ष. तयारी नसेल तर आत्ताच सांग, अर्धंच झालंय, उकलून देते."

त्याने विचार केला आणि उद्या साडेआठलाच येतो म्हणाला.

रात्री नऊला त्याच्या आईचा मेसेज आला. खोबरेल चालेल का? मी लिहिलं, ड्रेड्सना नको, सुटतील. टाळू कोरडी पडली तर बोटाने चार थेंब लावा, तुम्हीच लावा.