फऱ्याच्या अस्थिभंगावरील शस्त्रक्रिया : एका शतकाचा मागोवा

बोलीभाषेत ज्याला फरा किंवा खांद्याचे पाते म्हणतात ते अंसफलक हे पाठीच्या वरच्या भागातील त्रिकोणी, चपटे हाड आहे. सुमारे १७ स्नायूंनी ते सर्व बाजूंनी वेढलेले असून बरगड्यांवर सरकत असते, त्यामुळे साध्या पडण्याने ते सहसा मोडत नाही. शरीरातील एकूण अस्थिभंगांत त्याचा वाटा एक टक्क्याच्या आसपास धरला जातो. पण ते मोडले, तर मार फार मोठा होता असे समजावे लागते, आणि त्याबरोबर बरगड्या, फुप्फुस, गळपट्टीचे हाड किंवा हाताकडे जाणारे मज्जातंतू यांनाही इजा झालेली असण्याचा संभव मोठा असतो. मराठवाड्यातील जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीत, म्हणजे एमआयडीसीत, असा मार देणारे बळ रोजच्या कामातच असते : भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या, सळया ओढणाऱ्या रोलिंग मिल, क्रेनने उचलले जाणारे जड नग, उंच शेडवरील दुरुस्ती आणि मालट्रकांची अखंड वर्दळ. डिसेंबर २०२२ मध्ये याच जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि वेगवान वाहनांच्या धडकेच्या शक्यतेचीही त्यात भर पडली.

या हाडाची नोंद वैद्यकात जुनी आहे. सुश्रुतसंहितेत अंसफलक हे मर्मस्थान सांगितले असून तेथील आघाताने कायमचे वैकल्य येते असे मानले आहे; युरोपात फ्रेंच शल्यविशारद झाँ-लुई पेती यांनी १७२३ मध्ये या हाडाच्या वेगवेगळ्या भागांच्या मोडीचे वर्णन केले. उपचार मात्र दीर्घकाळ हात गळ्यात बांधून ठेवणे एवढाच राहिला. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतर मोड दिसू लागली, आणि १९१० च्या सुमारास बेल्जियमचे अल्बँ लाम्बोत यांनी धातूची पट्टी बसवून हे हाड सांधण्याचे धाडस केले. ते बराच काळ अपवादात्मकच ठरले, कारण प्रतिजैविके नसताना एवढ्या खोल स्नायूंखाली शिरणे जिवावर बेतू शकत होते.

खरे वळण आले ते १९६४ मध्ये, पॅरिसच्या रोबेर ज्युदे यांनी पाठीमागून या हाडापर्यंत पोहोचण्याचा मार्ग मांडला तेव्हा. या पद्धतीत फऱ्याच्या कण्यावरून, म्हणजे त्याच्या मागच्या उंच कडेवरून, आणि नंतर पाठकण्याकडील काठाने वळणारा छेद घेतला जातो व त्याखालील स्नायू हाडापासून अलगद उचलला जातो. मात्र त्या स्नायूला चेतना पुरवणारा मज्जातंतू दुखावला, तर शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही हात बाहेरच्या बाजूस वळवण्याची ताकद जाते. हाडाचा मधला भाग प्रकाशात धरल्यास आरपार दिसेल इतका पातळ असतो, म्हणून स्क्रूला पकड मिळते ती केवळ बाहेरचा काठ, कणा आणि फऱ्याची मान, म्हणजे त्याचा सांध्याजवळचा निमुळता भाग, या जाड भागांत. आजच्या बारीक पट्ट्या आणि स्क्रू याच भागांच्या आकाराला जुळवून वापरले जातात. ज्युदे यांच्या मोठ्या छेदाऐवजी पुढे स्नायू कमी उचलणाऱ्या, लहान खिडक्यांतून काम करणाऱ्या सुधारित पद्धती आल्या, आणि रुग्णाच्या दृष्टीने हा बदल विशेष महत्त्वाचा आहे.

शस्त्रक्रिया करता येणे आणि ती करावी की नाही हे ठरवणे, या दोन गोष्टींमध्ये आणखी दोन दशके गेली. १९८४ मध्ये स्वित्झर्लंडमधील हार्डेगर आणि सहकाऱ्यांनी ३७ रुग्णांवरील शस्त्रक्रियांचा अहवाल दिला, ज्यात ७९ टक्के रुग्णांत निष्पत्ती चांगली किंवा उत्तम होती, आणि त्याच वर्षी इडेबर्ग यांनी खांद्याच्या उखळीतील, म्हणजे दंडाच्या हाडाचा गोल माथा जिथे बसतो त्या भागातील, मोडींचे वर्गीकरण सुचवले. गॉस यांनी १९९३ मध्ये खांद्याला धडापासून टांगून ठेवणाऱ्या हाडे व अस्थिबंधांच्या वलयाची कल्पना मांडली. वलय एका जागी तुटले तर ते टिकते, दोन जागी तुटले तर खांदा लोंबू लागतो. १९७१ मध्ये वापरात आलेल्या आणि पुढे त्रिमितीय चित्र देणाऱ्या सीटी स्कॅनमुळे या कल्पनेला मोजमापाचा आधार मिळाला. त्यानंतरच्या लेखनात, विशेषतः अमेरिकेतील पीटर कोल यांच्या कामातून, साधारण पुढील मर्यादा रूढ झाल्या : उखळीच्या पृष्ठभागात ४ ते ५ मिलिमीटरहून मोठी पायरी, तुकड्यांचे सुमारे २० मिलिमीटरचे सरकणे, किंवा ४५ अंशांपलीकडचे वाकणे. यांपैकी काही आढळल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावा, असा हा दंडक आहे. तो विचार करायला सांगतो, आज्ञा करत नाही.

शस्त्रक्रिया कोणाला हवी याविषयीचा पुरावा मुख्यतः रुग्णमालिकांवर उभा आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २२ मालिकांतील ५२० मोडी तपासल्या गेल्या; केवळ पात्याच्या मधल्या भागाच्या जवळजवळ सर्व मोडींवर शस्त्रक्रियेविना उपचार झाले आणि त्यांपैकी ८६ टक्क्यांत परिणाम चांगला होता, तर उखळीच्या मोडींपैकी सुमारे ८० टक्क्यांवर शस्त्रक्रिया झाली. म्हणजे प्रत्येक मोडलेल्या फऱ्याला पट्टी बसवणे हे चांगल्या वैद्यकाचे लक्षण नाही. बहुतेकांना काही दिवसांची झोळी आणि लवकर सुरू केलेला व्यायाम पुरतो.

जालन्याच्या कामगाराचा प्रश्न म्हणून वेगळा आहे. ज्या थोड्यांना शस्त्रक्रिया हवी असते त्यांची ओळख पहिल्या दोन-तीन आठवड्यांत होणे आवश्यक असते, कारण त्यानंतर नवे हाड जमू लागते आणि तुकडे जागेवर आणणे फार कठीण होते. छातीच्या गंभीर इजेकडे लक्ष लागलेले असताना फरा नेमका नजरेतून सुटतो. अशा रुग्णासाठी मराठवाड्याचा आधार प्रदीर्घ काळ १९५६ मध्ये सुरू झालेले औरंगाबादचे, आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, घाटी रुग्णालय होते. २०१२ मध्ये काही जिल्ह्यांत सुरू होऊन पुढील वर्षी राज्यभर पोहोचलेली आणि आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना, २०१४ मधील १०८ रुग्णवाहिका सेवा आणि २०२४ मध्ये जालन्यातच सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांनी अंतर कमी केले आहे. उपचाराचे ज्ञान आणि साधने जवळ आलेली असताना, उंचावरून पडलेल्या किंवा नगाखाली सापडलेल्या प्रत्येक कामगाराच्या छातीबरोबर त्याचा खांदाही तपासला जावा आणि संशय असल्यास सीटी स्कॅन पहिल्या आठवड्यातच व्हावा, यासाठी कारखान्यांचे व्यवस्थापन, ठेकेदार आणि कारखान्यांशी जोडलेले वैद्य यांनी आग्रह धरला पाहिजे.