नवसागर: ना नऊ, ना सागर

कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात पांढरी पूड टाकतो, भपकन धूर उठतो आणि नाकात झिणझिण्या येतात. ती पूड म्हणजे नवसागर. या नावात नऊही नाहीत आणि सागरही नाही. फारसीतल्या ‘नौशादर’चं आपल्या जिभेवर झालेलं हे रूप.

युरोपात याच क्षाराला म्हणत ‘साल अमोनियाक’, म्हणजे आमूनचं मीठ. आमून हा जुन्या इजिप्तचा देव. सिवाच्या वाळवंटात त्याचं देऊळ होतं. तिथल्या मिठाला रोमन लोक या देवाचं नाव देत. ते मीठ बहुधा साधं खनिज मीठच असावं. पण पुढे ते नाव नवसागराला चिकटलं. इजिप्तमध्ये उंटाचं शेण जाळून त्याच्या काजळीतून नवसागर काढत. त्यापासून निघणाऱ्या उग्र वासाच्या वायूला १७८२ साली स्वीडनच्या टॉर्बर्न बर्गमन यांनी त्यावरूनच नाव दिलं. तोच आपला अमोनिया.

हे नाव लक्षात ठेवा, कारण काचा पुसायच्या काही बाटल्यांवर ते छापलेलं असतं. अशा बाटलीतलं औषध आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. चुकून वास आलाच, तर आधी मोकळ्या हवेत या. आणि कल्हई चालू असताना मुलांना धुरापासून लांब ठेवा.