सगळ्या फोनला एकच चार्जर: ॲक्सेसरीजचं दुकान टाकणाऱ्याने घाबरायचं का?



मागच्या बॅचचं शेवटचं सेशन संपलं आणि एक मुलगा मागे थांबला. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर गाळा बघून ठेवलाय, मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान टाकायचंय. भांडवल साठ हजार, त्यातले वीस हजार आईच्या भिशीचे. मला म्हणाला, "सर, आता सगळ्या फोनला एकच चार्जर येणार म्हणे. ज्याच्या-त्याच्या घरी केबल असणारच. मग मी विकू काय? नुसती कव्हरं आणि ग्लास?"

प्रश्न बरोबर आहे. आईचे पैसे लागलेत म्हटल्यावर तो विचारायलाच हवा. त्याला जे समजावलं तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी समजून घ्या, हे आलं कुठून

पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं आठवा. एका कंपनीची बारीक पिन, दुसरीची जाड, तिसरीची चपटी. पाहुण्यांकडे गेलं की पहिला प्रश्न, "बारीक पिनचा चार्जर आहे का?" फोन बदलला की जुना चार्जर ड्रॉवरमध्ये जायचा.

युरोपात हा प्रश्न सरकारी पातळीवर गेला. २००९ मध्ये युरोपियन कमिशनच्या पुढाकाराने मोठ्या मोबाईल कंपन्यांनी मायक्रो-यूएसबीवर एकत्र यायचं मान्य केलं. पण तो करार होता, कायदा नव्हता. ॲपलने २०१२ मध्ये आयफोन ५ सोबत स्वतःचा लायटनिंग पोर्ट आणला. २०१४ मध्ये टाईप-सी आलं, उलटं-सुलटं कसंही लागणारं, आणि अँड्रॉइड फोन हळूहळू तिकडे वळले.

मग २०२२ मध्ये युरोपियन युनियनने सरळ कायदाच केला. २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकायला येणारे नवीन फोन, टॅबलेट, कॅमेरे, हेडफोन, पोर्टेबल स्पीकर अशा वस्तू केबलने चार्ज होत असतील तर त्यांना टाईप-सी सक्तीचं. लॅपटॉपसाठी तारीख २८ एप्रिल २०२६. ॲपलनेही सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ ला टाईप-सी दिलं. युरोपसाठी एक फोन आणि भारतासाठी दुसरा असं करणं कंपनीला परवडत नाही, म्हणून तिथल्या कायद्याचा परिणाम आपल्या गल्लीतल्या दुकानापर्यंत येतो.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने कंपन्यांसोबत बैठक घेतली. स्मार्टफोन, टॅबलेट, लॅपटॉपला टाईप-सी यावर साधारण एकमत झालं, साध्या बटणवाल्या फोनसाठी वेगळा पोर्ट ठेवता येईल असंही बोलणं झालं. जानेवारी २०२३ मध्ये बीआयएसने, म्हणजे भारतीय मानक ब्युरोने, टाईप-सीचं भारतीय मानक जाहीर केलं.

मग एकच पोर्ट असावा का? माझं मत

असावा. पण दुसरी बाजूही ऐका, कारण धंद्यात दोन्ही बाजू कळाव्या लागतात.

विरोध करणाऱ्यांचा मुद्दा असा की सक्ती केली तर नवीन काही येणारच नाही. यात तथ्य आहे. २००९ मध्ये मायक्रो-यूएसबी कायद्याने कायमचं बसवलं असतं, तर टाईप-सी यायला अडचण झाली असती. म्हणून नवीन कायद्यात तंत्रज्ञान बदललं तर नियम बदलायची सोय ठेवली आहे.

दुसऱ्या बाजूला ग्राहकाचा खर्च आणि कचरा. फेकलेल्या आणि न वापरलेल्या चार्जरचा वर्षाला सुमारे ११ हजार टन कचरा होतो, असा युरोपियन कमिशनचा अंदाज होता. हा फक्त युरोपचा आकडा.

आणि तिसरी बाजू, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही, ती आपल्या छोट्या दुकानदाराची. गणित मांडू.

समजा तुम्ही पाच प्रकारच्या पिनच्या केबल ठेवता. प्रत्येकात दोन लांबी आणि तीन क्वालिटी. झाले तीस प्रकार. प्रत्येकी दहा नग म्हणजे तीनशे केबल. सरासरी खरेदी ६० रुपये धरली तर १८ हजार रुपये फक्त केबलमध्ये अडकले. त्यातल्या तीन पिना महिन्याला दोन-चारच विकल्या जातात, बाकी भिंतीवर लटकून धूळ खातात. यालाच डेड स्टॉक म्हणतात.

आता टाईप-सीच मुख्य धरा. दोन लांबी, तीन क्वालिटी, सहा प्रकार. प्रत्येकी २५ नग, म्हणजे दीडशे केबल, ९ हजार रुपये. जुन्या पिनांच्या तीस केबल वेगळ्या ठेवा, १,८०० रुपये. एकूण १०,८००. म्हणजे ७,२०० रुपये मोकळे झाले. साठ हजारांच्या भांडवलात ही रक्कम छोटी नाही, मित्रांनो.

तोटाही सांगतो. "ही पिन फक्त माझ्याकडेच मिळते" म्हणून जास्त भाव घ्यायचे दिवस गेले. सगळ्यांकडे तोच माल, त्यामुळे भावात मारामारी होणार. मग तुमच्याकडे यायचं कशाला? याचं उत्तर पुढे आहे.

भोक एक झालं, चार्जर एक झाला नाही

हे वाक्य वहीत लिहून ठेवा. तुमचा धंदा याच वाक्यावर आहे.

टाईप-सी हा फक्त पोर्टचा आकार आहे. त्यातून किती पॉवर जाते हा वेगळा विषय. हिशोब साधा आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. ५ व्होल्ट, ३ अँपिअर, झाले १५ वॅट. २० व्होल्ट, ३ अँपिअर, ६० वॅट. लॅपटॉपवाल्याला १०० वॅट हवे असतील तर २० व्होल्टला ५ अँपिअर लागतात, आणि ५ अँपिअर न्यायला दोन्ही बाजूंना टाईप-सी असलेल्या केबलमध्ये एक छोटी चिप असावी लागते. ती नसेल तर केबल ३ अँपिअरवरच थांबते. बाहेरून दोन्ही केबल सारख्याच दिसतात.

वर काही कंपन्यांचं स्वतःचं फास्ट चार्जिंग असतं. ओप्पो, वनप्लसचं सुपरवूक हे त्याचं उदाहरण. असा फोन दुसऱ्या टाईप-सी चार्जरवर चार्ज होतो, पण त्याच वेगाने होईलच असं नाही.

म्हणून रोज एक तक्रार येणार: "भाऊ, काल नेलेला चार्जर फास्ट होत नाही." लक्षात ठेवा, फोन, ॲडॉप्टर आणि केबल या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच वेग मिळतो. यातला सगळ्यात कमजोर जो असेल, त्याचा वेग खरा.

आणखी एक प्रश्न हमखास येतो: "मोठ्या वॅटचा चार्जर लावला तर फोन जळेल का?" चांगल्या कंपनीचा असेल तर नाही. फोनला झेपेल तेवढीच पॉवर तो मागतो. भीती वॅटची नाही, आत नीट इन्सुलेशन नसलेल्या स्वस्त ॲडॉप्टरची आहे. असा एक ॲडॉप्टर कुणाच्या घरी जळला तर गावात तुमचं नाव संपलं.

दुकान टाकताना काय करायचं?

१. जुना माल पूर्ण बंद करू नका, पण मर्यादेत ठेवा. बटणवाले फोन, जुने स्पीकर, ट्रिमर, टॉर्च अजून मायक्रो-यूएसबीवर आहेत. लायटनिंगवाले जुने आयफोनही वापरात आहेत. गिऱ्हाईक येणार, पण कमी होत जाणार. होलसेलर "पूर्ण बॉक्स घ्या, स्वस्तात देतो" म्हणाला तर मोहात पडू नका. तो त्याचा डेड स्टॉक तुमच्या भिंतीवर टांगतोय.

२. बॉक्समध्ये चार्जर नसलेले फोन ओळखा. ॲपलने २०२० मध्ये आयफोन १२ पासून बॉक्समधला ॲडॉप्टर काढला, इतर कंपन्यांचेही बरेच मॉडेल आता विनाचार्जर येतात. गावातल्या मोबाईल शॉपवाल्याशी ओळख ठेवा. कोणते मॉडेल जास्त विकले जातात ते विचारा आणि त्यानुसार ॲडॉप्टर भरा.

३. नोंदणी बघूनच ॲडॉप्टर आणि पॉवर बँक घ्या. या दोन्हींना बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. मालावर 'आर' अक्षराने सुरू होणारा नंबर असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाका, कंपनी जुळते का बघा. मुंबईत मनीष मार्केट, लॅमिंग्टन रोडला खरेदीला जाल तेव्हा मोबाईल हातात ठेवूनच माल बघा. नंबर जुळला नाही तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. आणि पक्कं बिल घ्याच.

४. काउंटरवर यूएसबी टेस्टर ठेवा. चार्जर आणि केबलच्या मध्ये लावायचं छोटं यंत्र असतं, व्होल्ट आणि अँपिअर दाखवतं. गिऱ्हाइकासमोर दोन केबल लावून फरक दाखवा. आकडा डोळ्यांनी दिसला की "शेजारी पन्नासला देतो" हे बोलणं बंद होतं.

५. तीन प्रश्न विचारूनच विका. फोन कोणता? आधीचा चार्जर किती वॅटचा होता? लॅपटॉपही यावरच लावणार का? अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण परत येणारा माल निम्म्यावर येईल. आणि कमी किमतीच्या चार्जरवर काम भागत असेल तर तसं सांगा. तो माणूस पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन येतो.

शेवटी

शेजाऱ्याकडे नसलेली पिन विकून पूर्वी पैसे मिळायचे. आता पोर्ट एकच आहे, तेव्हा कोणता चार्जर कशाला चालतो याची माहिती असलेला माणूस टिकणार. सगळ्यांकडे तोच माल असताना गिऱ्हाईक तुमच्याकडे का येईल, याचं हेच उत्तर. आणि ही माहिती गोळा करायला भांडवल लागत नाही.

त्या मुलाला मी घरी जाऊन मालाची यादी पुन्हा करायला सांगितली. आठ दिवसांनी त्याने फोटो पाठवला. केबलचे तीस प्रकार कमी होऊन दहा झाले होते, टेस्टर यादीत आला होता, आणि खाली लिहिलं होतं, "शिल्लक ७,०००, आईला परत."

मी त्याला फोन करून म्हटलं, "लगेच परत करू नकोस. तीन महिने गल्ल्यात राहू दे, चालू माल भरायला लागतील. मग दे."

तुम्हीही आज एक काम करा. कागद घ्या आणि तुमच्या दुकानातल्या किंवा टाकायच्या दुकानातल्या केबलचे प्रकार लिहा. प्रत्येकापुढे मागच्या महिन्यात किती विकल्या ते लिहा, दुकान नसेल तर ओळखीच्या दुकानदाराला विचारा. ज्याच्यापुढे शून्य येईल, तो माल पुन्हा भरायचा नाही. आकडे कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत त्यातल्या काहींचा हिशोब आपण एकत्र मांडू.

भेटूया. धंदा करा, हिशोबाने करा!